हौसाक्कांच्या चुलीपुढचं वाक्य

आमच्या कासारवेलीत चारचौघांत बोललेलं टोचणारं वाक्य हवेत विरून जात नाही. ज्याच्याबद्दल ते बोललं गेलं त्याच्याकडे ते चालत जातं आणि तिथेच मुक्काम करतं.

परगावचे लोक मला विचारतात, वाक्य दिसतं कसं? वाक्यासारखंच दिसतं. आणखी कशासारखं दिसणार? बसल्या जागी ते अधूनमधून स्वतःला म्हणतं, बोलणाऱ्याच्याच आवाजात, आणि मग गप्प राहतं. ऐकून कुणी हसलं नसेल तर वाक्य मांजराएवढं असतं. जितकी माणसं हसली, तितकं ते मोठं होतं. ज्याच्याबद्दल बोललं तो हयात नसेल, तर मात्र ते जागचं हलत नाही.

नगरपरिषदेत याच कामासाठी वाक्य नोंद विभाग आहे. विभाग म्हणजे जन्ममृत्यूच्या दाखल्यांशेजारची खोली, एक कपाट, एक मोजपट्टी आणि मी. सव्वीस वर्षं मी तिथे कारकून आहे. नियम दोनच आहेत, तरी लोक रोज नव्याने विचारायला येतात आणि माझं डोकं उठवतात. पहिला नियम असा, की बाजारातल्या कट्ट्यावर उभं राहून कुणीही काहीही बोलावं, त्याला कुणी अडवू नये. दुसरा असा, की वाक्य ज्याचं, त्यानेच ते परत न्यावं. परत न्यायचं म्हणजे त्याच्यासमोर बसून ते ऐकायचं. पुरेसं ऐकून झालं की वाक्य आपणहून उठतं, मालकाबरोबर त्याच्या घरी जातं आणि पुढे तिथे राहतं. पुरेसं म्हणजे किती, हे वाक्य ठरवतं. न्यायला यायची सक्ती कुणावर करता येत नाही. दूध सोसायटीच्या एका संचालकाने एकदा चौकात दिलगिरीचा दहा फुटी फलक लावला होता. वाक्य तेवढ्यापुरतं बाहेर येऊन फलकाच्या सावलीत बसलं आणि ऊन उतरल्यावर परत आत गेलं.

माझ्या घरीही एक आहे. मेव्हण्याच्या नोकरीबद्दल एका बारशात मी बोलून गेलो होतो. ते आता आमच्या कॉटखाली असतं. बायको केर काढताना त्याला पाय वर घ्यायला सांगते.

हे सगळं सांगायचं कारण हौसाक्का माळवदे. कोष्टी गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत दोन चुली, काठवट आणि पिठाचे डबे. गावात लग्न असो, मयत असो, वसतिगृहाच्या पोरांचं जेवण असो, भाकरी हौसाक्कांची. हातावर थापलेली, कागदासारखी पातळ आणि तरी दुसऱ्या दिवशी मऊ. त्यांचे यजमान एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी भाकरी खाऊन, पाणी पिऊन, चप्पल घालून बाहेर पडले ते परत आले नाहीत. भांडण नव्हतं, आजार नव्हता. लोकांनी थोडे दिवस शोधलं, मग आपापल्या कामाला लागले. हौसाक्का त्याच दिवशी दुपारी वसतिगृहाच्या भाकऱ्या थापायला बसल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांची चूल एक दिवसही थंड पडली नव्हती.

आणि दुसरे, विश्वनाथ उपळेकर सर. निवृत्त शिक्षक, जिल्ह्यात सूत्रसंचालन करावं तर त्यांनीच. माईक हातात आला की माणूस उजळून निघायचा. सर मनाने वाईट नाहीत. त्यांना फक्त शांतता सहन होत नाही.

वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव कट्ट्यावर झाला. झुणका-भाकर हौसाक्कांची होती, म्हणून शेवटी त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार ठेवला होता. हौसाक्का नारळ हातात धरून उभ्या होत्या. सर म्हणाले, "आपल्या हौसाक्कांच्या भाकरीची चव अशी, की लग्नानंतर पहिली भाकरी ज्याने खाल्ली," आणि इथे ते थांबले, "तो गृहस्थ उठला तो अजून परत आलेला नाही!"

चारशे बारा माणसं हसली. मोजणं माझ्याकडेच असतं, आणि त्यात मीही एक होतो. खोटं कशाला बोलू? आधी हसलो आणि मग आकडा लिहिला. हौसाक्कांनी शाल नीट केली, नमस्कार केला आणि खाली उतरल्या. वाक्य त्यांच्यामागून गेलं. कोष्टी गल्लीच्या तोंडाशी उभी केलेली हातगाडी बाजूला घ्यावी लागली, इतकं ते मोठं होतं.

ते थेट पुढच्या खोलीत शिरलं आणि दोन्ही चुलींसमोर बसलं. मी दुसऱ्या दिवशी मोजायला गेलो. सहा फूट बाय साडेचार, उंची पाच. चुलीपर्यंत हात पोचायला जागा उरली नव्हती. हौसाक्का अंगणात तीन विटा मांडून भाकरी थापत होत्या. वाऱ्याने जाळ एका बाजूला जायचा आणि भाकरी अर्धी कच्ची राहायची. तिसऱ्या दिवशी वसतिगृहाने निरोप पाठवला, चूल लागेपर्यंत पोरांची सोय दुसरीकडे करतो.

"आक्का, अर्जात मागणी काय लिहू?" मी विचारलं.

"माझी चूल मला मिळू दे. दुसरं काय मागायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

आतून सरांचा आवाज आला. आपल्या हौसाक्कांच्या भाकरीची चव अशी, की लग्नानंतर पहिली भाकरी ज्याने खाल्ली... मग तो थांबा. कट्ट्यावर त्या थांब्यात लोकांनी कान टवकारले होते. इथे त्यात फक्त जाळाचा तडतडाट ऐकू आला. मग उरलेलं. हौसाक्कांनी भाकरी उलटली. मला तिथे उभं राहवेना.

गावाला वाईट वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. पण आमच्या गावाला वाईट वाटलं की ते घोळक्याने भेटायला जातं. बायका यायच्या, अंगणात बसायच्या आणि एकेक सुरू करायची, "असं बोलावं का माणसानं? म्हणे पहिली भाकरी खाल्ली आणि..." की लगेच पायाशी एक नवीन वाक्य हजर, मांजराएवढं. आठवड्यात सतरा झाली. शेजारच्या शमाबी मुजावर यांनी शेवटी दारात काठी आडवी लावली आणि आल्यागेल्याला बजावलं, "बसायचं असेल तर बसा. बोलू नका. बोलायचं असेल तर पावसावर बोला." ज्यांची ती सतरा होती त्या अंगणात ओळीने बसल्या, तासाभरात त्यांचं ऐकून झालं आणि आपापलं काखेत मारून त्या घरी गेल्या.

सरांना लेखी कळवणं माझं काम होतं. लांबी, रुंदी, उंची आणि सध्याचा मुक्काम. सरांनी कागद वाचला, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवला.

"मी विनोद केला," ते म्हणाले. "विनोदाला मापं लावता? उद्या मला बोलायचीच बंदी कराल."

"बंदी नाही सर. तुम्ही आज संध्याकाळीही कट्ट्यावर बोलू शकता. फक्त ते वाक्य तुमचं आहे, एवढंच कळवायला आलोय."

"हसले ते चारशे लोक. मग ते त्यांचं नाही का?"

"हसण्याने ते मोठं झालं. बोललेलं तुम्ही."

"मी येणार नाही. तुमच्या नियमात सक्ती नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. नियमात नव्हतीच. मी पोचपावतीवर सही घेतली आणि निघालो. डोकं मात्र सणकलं होतं.

गोष्ट नगरपरिषदेच्या सभेत गेली. नगराध्यक्ष धनपाल चौगुले तळमळीचा माणूस. त्यांनी निषेधाचा ठराव आणला. आता आमच्या कामकाजाची पद्धत अशी, की ज्याचा निषेध करायचा तो मजकूर आधी जसाच्या तसा वाचून दाखवावा लागतो, त्याशिवाय ठराव इतिवृत्तात घेता येत नाही. मी खूण केली. चौगुल्यांना ती दिसली नाही. त्यांनी मजकूर वाचला, तोही थांब्यासकट. मागच्या बाकावरचे दोन सदस्य हसले. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सभागृहाच्या दारातून बोकडाएवढं एक वाक्य कोष्टी गल्लीकडे चालू लागलं.

लगेच दुसरा ठराव आला. उपळेकर सरांना कट्ट्यावर कायमची बंदी. सूचक झाले, अनुमोदक झाले, हात वर जाणार इतक्यात हौसाक्का आत आल्या. पदराला पीठ लागलेलं होतं.

"आनी एक आलंया," त्या म्हणाल्या. "त्ये कुनाचं?"

चौगुल्यांनी मान खाली घातली. "माझं आहे, आक्का. मी संध्याकाळी येऊन नेतो."

"बरं. आनी ह्यो हात कशाला वर करायला लागलाय?"

मी त्यांना ठराव समजावून सांगितला. त्या ऐकून घेत होत्या. मग बसायला दिलेल्या खुर्चीवर न बसता म्हणाल्या, "त्यांचं तोंड बांधू नगासा."

सभागृहात कुजबुज झाली. एक सदस्य म्हणाला, "आक्का, हे तुमच्यासाठीच चाललंय."

"माझ्यासाठी असंल तर नगंच. ज्येनं बोललं त्येनंच न्ह्यायचं, ह्यो नेम हाय ना? तुमी त्यांना कट्ट्यावरनं उतरवलासा, की त्ये म्हननार, मला शिक्षा झाली, फिटलं. घरात बसतील दार लावून. आनी त्ये माझ्या चुलीम्होरं जन्मभर बसंल. आनी आज सर बोललं म्हनून सर. उद्या मी बोलले नि तुमास्नी आवडलं न्हाई, म्हंजी मी. माझंबी बोलायचं राहिलंया अजून."

"मग आम्ही करायचं तरी काय?" चौगुल्यांनी विचारलं.

"काय बी करू नगा. सरळ बसा."

ठराव बारगळला. सव्वीस वर्षांत त्या सभागृहात इतकं शहाणपणाचं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला त्या बाईचा अभिमान वाटला. हे इतिवृत्तात लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

दोन दिवसांनी हौसाक्कांनी कट्ट्यासाठी अर्ज दिला. गुरुवार, संध्याकाळी पाच. बातमी गावभर झाली. सरांचा मुलगा अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला आहे आणि वडिलांशी बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा भाकरीने गेला तर मुलगा कशाने गेला, एवढंच विचारायचं होतं. वाक्य लोकांनी तयारच ठेवलं होतं. चौगुल्यांनी तर ते आदल्या दिवशी हौसाक्कांना एकांतात सुचवलंही होतं. एकांतातलं चारचौघांत धरत नाही, म्हणून त्याची नोंद नाही.

हजारेक माणसं जमली. बाजार बंद होता. सरांना अंदाज होताच, हे त्यांच्या पत्नीने मला नंतर सांगितलं. त्यांनी सकाळपासून बैठकीची खोली रिकामी करायला घेतली होती. दिवाण मागच्या पडवीत नेला, पुस्तकांचं कपाट भिंतीला सरकवलं, मुलाचा फोटो आतल्या खोलीत ठेवला आणि दोरीने जागा मोजली. हजार माणसं हसली तर सात फूट लागतील, असा त्यांनी हिशेब केला. मग एक खुर्ची कोपऱ्यात ठेवून ते बसले आणि पत्नीला म्हणाले, "दार उघडंच ठेव. उगाच चौकट मोडायची."

हौसाक्का कट्ट्यावर चढल्या. माईक तोंडाजवळ घ्यायचा की लांब धरायचा, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो बाजूलाच ठेवला.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमचं वाक्य माझ्या घरात हाय. दार उघडं असतंया. सवड काढून या आनी घेऊन जावा. जेवूनच जावा."

एवढं बोलून त्या खाली उतरल्या. कुणी हसलं नाही. कट्ट्यावरून काहीही चालत निघालं नाही. मी मोजपट्टी खिशात घातली. मला रडू येत होतं आणि ते मी दाबलं नाही.

सर रिकाम्या खोलीत बसून होते. साडेपाच वाजले, सहा वाजले, दिवेलागण झाली. दारातून कुत्रं येऊन गेलं, दुसरं कुणी आलं नाही. शेवटी पत्नीने विचारलं, "दिवाण परत आत आणू का?"

सकाळी आठला ते कोष्टी गल्लीत आले. इस्त्रीचा सदरा होता. शमाबींनी काठी काढली. हौसाक्कांनी पाट मांडला आणि त्या अंगणातल्या विटांकडे गेल्या. सर आपल्या वाक्यासमोर बसले.

पहिल्या दिवशी ते त्याच्याशी वाद घालत होते. संदर्भ वेगळा होता, सत्काराचं वातावरण होतं, हेतू वाईट नव्हता. वाक्य ऐकत नव्हतं, ते फक्त स्वतःला म्हणत होतं. दुपारी हौसाक्कांनी ताट आणून दिलं. भाकरी एका बाजूने करपलेली, दुसऱ्या बाजूने कच्ची होती. सरांनी ती पूर्ण खाल्ली. संध्याकाळी ते घरी गेले. नियमाने जाता येतं.

दुसऱ्या दिवशी ते गप्प होते. मी नोंदीसाठी गेलो, तेव्हा मला हळूच म्हणाले, "मध्ये ती जागा आहे बघा. तिथे मी थांबलो होतो. लोकांनी तयार व्हावं म्हणून." वाक्य त्या जागेशी आलं. अंगणात हौसाक्का खोकल्या, धूर गेला असेल. मग पुढचं आलं. सरांनी डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात पंधरावीस माणसं होती. कुणी बोलत नव्हतं. वाक्य एकदा म्हणून झालं. सरांनी मान वर केली आणि अंगणाकडे बघून विचारलं, "आक्का, त्यांचं नाव काय होतं?"

हौसाक्कांचे हात परातीतच राहिले. एकोणीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. शिधापत्रिकेवर नाव कारकुनाने घातलं, अर्जावर मी घातलं. त्यांच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. हळदीकुंकवाला उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच.

"मी सांगते, सर," शमाबी म्हणाल्या.

"थांब," हौसाक्का म्हणाल्या. त्या उठल्या, हात धुतले आणि दारात येऊन सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "आनंदा. आनंदा माळवदे." मग थोड्या वेळाने, सरांकडे न बघता, "आनंदा माळवदे, एकुनीस वर्सं झाली. जायाचं हुतं तर जायाचं हुतं. पन सांगून जायाचं हुतं."

खोलीतलं वाक्य उठलं. पाच फुटी वाक्य उठलं तेव्हा पिठाचे डबे हलले. ते सरांमागे जाऊन उभं राहिलं. सर पाटावरून उठले आणि त्यांनी हौसाक्कांना हात जोडले. दारातल्या माणसांनी वाट दिली. दोघं गल्लीतून हळूहळू गेले.

पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. हौसाक्कांच्या पायाशी आणखी एक वाक्य उभं होतं. कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे लहानसंच, मांजराएवढं. पण मांजराएवढी वाक्यं रेंगाळतात, हे रेंगाळलं नाही. उंबरा ओलांडून ते अंगणात आलं, एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे, आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागलं.

"त्ये कुठं निघालं?" हौसाक्कांनी विचारलं.

"ज्याच्याबद्दल बोललात त्याच्याकडे, आक्का," मी म्हणालो. "त्याला पत्ता विचारावा लागत नाही."

त्या बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. वाक्य रस्त्याच्या कडेने, गाड्या चुकवत, न थांबता चाललं होतं.

"म्हंजी हायत," हौसाक्का म्हणाल्या.

मी मान डोलावली. मग त्या आत गेल्या, तवा ठेवला आणि चूल पेटवली.